पोचवायला जाणारीची ओटी कोण भरणार?

मावशी, मी घारापुरीची. शेतबंदरच्या पायऱ्यांवर आमचं दुकान आहे, माळा, टोप्या, दगडाचे छोटे हत्ती वगैरे. वय 33, लग्न केलेलं नाही, आई माझ्याजवळ असते. आम्ही पाच जणी एका वर्गातल्या. वाढदिवस, हळदी, गणपती, सगळं पाच जणींनी मिळून केलेलं. मग एक लग्न होऊन करंज्याला गेली, एक नोकरीसाठी मुंबईला, एक नवऱ्याबरोबर पनवेलला. प्रत्येक वेळी वर्गणी, मांडव, बेंजोवाले, जेवण, ओटीचं ताट, धक्क्यावर सामान चढवणं, सगळं मी केलं. आता चौथी, माझी सगळ्यात जवळची, मुलाच्या शाळेसाठी मे अखेरीला उलव्याला चालली आहे. हे मला तिने सांगितलं नाही. तांडेलाने सांगितलं, कारण सामानासाठी तिने त्याची होडी ठरवली होती. दोन दिवसांनी ती दुकानात आली आणि म्हणाली, "तू आहेस म्हणून मला निरोपाची काळजीच नाही." मी हो म्हटलं. तेव्हापासून झोप नाही. राग येतो, मग रागाचीच लाज वाटते. आई म्हणते, एक दिवस हसून काढ, समोरच तर जातेय, पूल इथून दिसतो. मला धक्क्यावर जायचंच नाही. नाही गेले तर गाव वर्षभर बोलेल. कधी वाटतं, मीच दुकान मोडून निघून जावं. काय करू?
– मागे राहिलेली

पोरी,

तुझ्या पत्रात चार निरोप आहेत आणि एकाही निरोपात तू पाहुणी नाहीस. प्रत्येक ठिकाणी तुझ्या हातात काहीतरी आहे: वर्गणीची वही, ओटीचं ताट, कुणाची तरी बॅग. रडायला मोकळे हात तुला कधी मिळालेच नाहीत. म्हणून चारही वेळचं रडणं आता एकदम येतंय, त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

मी उरणची, मोरा बंदराजवळ वाढले. घारापुरीत कार्य काढणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. शहरात कुणाला निरोप द्यायचा तर हॉटेलात फोन करून दहा खुर्च्या सांगितल्या की झालं. तुमच्याकडे बर्फाच्या लादीपासून मांडवाच्या कापडापर्यंत सगळं पाण्यावरून येतं. एक वस्तू विसरली तर दुकानात धावत जाता येत नाही, पुढच्या होडीची वाट बघायची. पाहुण्यांचं जेवणही शेवटच्या लाँचच्या हिशेबाने वाढायचं, नाहीतर त्यांच्या झोपण्याची सोय करायची. हे सगळं तू तीनदा निभावलंस, तेव्हा तिघींना वाटलं असणार की तुला ते आवडतं. आवडतही असेल. पण 'ती करेल' हे गावात एकदा ठरलं की करणारीला कसं वाटतं, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. तुझ्या मैत्रिणीचं ते वाक्य मी चार वेळा वाचलं. तिने ते प्रेमानेच म्हटलं असणार, आणि तरीही ते तुला लागलं. दोन्ही खरं आहे.

आता तांडेलाचं. खरं दुखणं तिथे आहे, बाकीचं त्याच्या मागून आलं. जेमतेम बाराशे माणसांच्या बेटावर कुणाला काय माहीत आहे यावरूनच जवळचं कोण ते ठरतं. तुला ते सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं आणि कळलं धक्क्यावर, गिऱ्हाईकांच्या गर्दीत, दुसऱ्याच्या तोंडून. मला वाटतं, तिने तांडेलाला आधी सांगितलं कारण त्याला सांगणं सोपं होतं. त्याच्याशी फक्त होडीचा भाव ठरवायचा होता. तुला सांगायचं म्हणजे तुझा चेहरा बघायचा. पण हा माझा अंदाज. खरं कारण तिच्याकडेच आहे, आणि ते तू तिला विचारायचं आहेस. निरोपाच्या आधी विचारायचं, निरोपाच्या दिवशी नाही.

हे मी इतकं ठासून का सांगते, ते ऐक. मी एकोणीस वर्षांची असताना माझी मैत्रीण कायमची मुंबईला निघाली. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचने. आम्ही दोघी महिनाभर धड बोललो नव्हतो, कारण काय होतं ते आता सांगायलाही लहान वाटेल. तरी मी पोचवायला गेले, कारण न जाणं शोभलं नसतं. नारळ दिला, मिठी मारली, "पत्र लिही" म्हटलं. सगळं रीतसर झालं. आणि लाँच आलीच नाही. मोऱ्याला गाळ फार, मोठी ओहोटी असली की लाँच धक्क्याला लागत नाही. पोचवायला आलेली माणसं हळूहळू घरी गेली. आम्ही दोघी पायऱ्यांवर बसून राहिलो, पाणी चढायची वाट बघत. द्यायचं ते देऊन झालं होतं, म्हणायचं ते म्हणून झालं होतं. जवळजवळ दोन तास. त्यातल्या पहिल्या तासात आम्ही चिखलातले बगळे बघत बसलो. दुसऱ्या तासात तिने मला सांगितलं की ती महिनाभर का टाळत होती, आणि मी तिला सांगितलं की मला तिचा हेवा वाटत होता. लाँच वेळेवर आली असती तर आमची मैत्री त्या नारळावरच संपली असती. आज ती 64 वर्षांची आहे आणि दर रविवारी तिचा फोन येतो.

तुझ्या वेळी ओहोटी मदतीला येईलच असं नाही. म्हणून तो तास तूच काढ. या आठवड्यात तिला दुकानात नको, घरीही नको, मुलाला आजीकडे ठेवून राजबंदरच्या वाटेवर कुठेतरी घेऊन जा आणि सरळ सांग: "तू जातेयस हे मला तांडेलाकडून कळलं. ते मला फार लागलं. आणि यावेळी तुझ्या निरोपाची व्यवस्था मी करणार नाही. मला तुझी मैत्रीण म्हणून यायचं आहे." एवढंच. मग गप्प राहा आणि तिला बोलू दे. ती रडेल, कदाचित चिडेल. चिडली तरी चालेल, मे संपायला अजून वेळ आहे.

तुझ्या आईचं म्हणणं मला समजतं. तिने आयुष्यात बरंच काही हसून काढलं असणार आणि तेच ती तुला शिकवतेय. पण पुलाचं तिचं म्हणणं मला पटत नाही. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला, जवळजवळ 22 किलोमीटरचा, आणि तुमच्या बेटावरून रात्री त्याचे दिवे दिसतात. पण तो शिवडीहून तिकडे न्हावा-शेव्याच्या बाजूला जातो, घारापुरीला उतरत नाही. उलवे डोळ्यांना जवळ आहे. रात्री अकराला आईला ताप चढला तर दार ठोठावायला ते जवळ नाही. तुझी मैत्रीण आजवर ते दार होती. ती गेल्यावर तुझ्या रोजच्या जगण्यात काय कमी होणार, हे तुला माहीत आहे, म्हणून 'समोरच तर जातेय' हे ऐकून तुला बरं वाटत नाही.

तिच्यावर मात्र जाण्याचा राग धरू नकोस. शिकायला तुमच्या मुलांना कधी ना कधी पाणी ओलांडावंच लागतं, ती फक्त काही वर्षं आधी ओलांडतेय. पावसाच्या तोंडावर जातेय तेही बरोबर, जूनमध्ये खवळलेल्या पाण्यावरून फ्रीज आणि कपाट कोण नेणार? आणि तू म्हणतेस तसं दुकान मोडून निघून जाणं, त्याचा विचार मेमध्ये करू नकोस. जायचं असेल तर जा, पण तुझ्या स्वतःच्या कारणासाठी, दिवाळीनंतर डोकं शांत असताना ठरवून. मैत्रिणीच्या मागोमाग गेलीस तर उलव्यात तिच्या घराच्या आसपास बसून तू काय करणार आहेस?

आता निरोप. तो व्हायलाच हवा, फक्त करणाऱ्या हातांची अदलाबदल हवी. सोमवार धर. सोमवारी लेणी बंद, पर्यटक नाहीत, पायऱ्यांवरची दुकानं उघडायची घाई नाही. आठवड्यातला तेवढा एकच दिवस बेट बेटवाल्यांचं असतं. गेलेल्या तिघींना कळव की रविवारी दुपारपर्यंत यायचं, रात्री राहायचं आणि सोमवारची रजा टाकायची. कुरकुर होईल. मुंबईवाली म्हणेल रजा नाही, करंजेवाली म्हणेल सासूला विचारते. तू समजूत घालत बसू नकोस, तारीख सांग आणि फोन ठेव. तुझ्या तीन रात्रींच्या जागरणाची किंमत एका सोमवारच्या रजेपेक्षा जास्त आहे, हे त्यांना कळायला हरकत नाही.

कामं त्यांच्यात वाट. करंजेवालीने मासळी आणायची, तिच्या दारात बंदर आहे. पनवेलवालीने केक आणि बर्फ. मुंबईवालीला स्वयंपाक येत नसेल तर तिने पैसे भरावेत आणि भांडी घासावीत. भाकऱ्या तिघींनी थापायच्या. शंकराच्या गावात सोमवारी मासळी शिजवू नका म्हणून तुझी आई बजावेल, ते ऐका: कोलंबी, मटण काय ते रविवारी रात्री, सोमवारी वरणभात आणि भाजी. बेंजो बोलावू नका. हळदीला बेंजो हवाच, पण इथे तुम्हाला एकमेकींचं ऐकू यायला हवं.

रविवारी शेवटची लाँच पर्यटकांना घेऊन सुटली की ओट्यावर बसा. तुमच्या पिढीने जनरेटरचा काळ पाहिलेला आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये समुद्राखालून केबल टाकून वीज आली, त्याआधी संध्याकाळचे जेमतेम तीन-चार तास दिवे लागायचे आणि जनरेटर थांबला की सगळं बेट अंधारात. तुमच्या लहानपणीच्या वाढदिवसांचा चांगला भाग त्या अंधारातच झाला असणार, मोठी माणसं झोपायला गेल्यावर. जेवणं झाली की त्या रात्री ओट्यावरचा दिवा मालवा. पाच जणी पुन्हा तशा बसाल तर कुणाला काही सुचवावं लागणार नाही.

आणि ओटी. मैत्रिणीची भराच. पण तिच्यानंतर त्या चौघींनी तुझी ओटी भरायची. कुणी म्हणेल, ही कुठे चाललीये, हिचं लग्न कुठे झालंय, हिची ओटी कसली. म्हणू दे. रीत माणसांनीच घातलेली असते. जी जाते तिची ओटी भरतात, कारण तिचं घर बदलतं. तुझं घर तर कुठेही न जाता चार वेळा बदललं. पूर्वी ज्या चार दारांतून तुला हाक यायची, त्यातलं आता एकही उरणार नाही. तुझ्या ओटीत नारळ, तांदूळ, खण घालायला त्या चौघींशिवाय दुसरं कोण आहे? हे त्यांना तू सांगू नकोस, तुला जड जाईल. हे पान कापून करंजेवालीला पाठव. तिला सांग, मावशीने तुला काम दिलंय.

गावाच्या बोलण्याबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण त्याला तू पत्रात दिलेली जागासुद्धा जास्त आहे. गाव बोलेल. तू गेलीस तर रडली म्हणून, नाही गेलीस तर आली नाही म्हणून. पण त्याच गावातली माणसं पावसात तुझ्या दुकानावर ताडपत्री बांधायला येतात, हेही विसरू नकोस. तू धक्क्यावर जा, असंच माझं मत आहे, पण ते गावासाठी नाही. ती होडीत बसून मागे वळून बघेल तेव्हा तिला तू दिसायला हवीस, आणि तुला ती. फक्त यावेळी एकही पिशवी उचलायची नाही. हात रिकामे ठेव. रडू आलं तर रड, पदर डोळ्याला लावायला दोन्ही हात मोकळे असू देत.

अजून एक. तांडेलाला गाठून भरतीची वेळ विचार. सामान आणि तिचा नवरा सकाळच्या होडीने पुढे जाऊ देत, फ्रीज उतरवायला तिकडे माणूस लागेलच. ती आणि मुलगा दुपारच्या भरतीच्या होडीने. मधले तीन-चार तास घर रिकामं असेल, बसायला चटईसुद्धा नसेल. दुकानातून दोन स्टुलं आणि चहाचा थर्मास घेऊन जा.