आप्पांच्या डायलिसिससाठी गाडी घ्यावी का?

बेळगावातल्या वडगावहून एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. ते उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये कामाला आहेत, पगार ३४,००० रुपये. वडील ७१ वर्षांचे, घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात, उभं आयुष्य मागावर गेलं. मधुमेहाने मूत्रपिंडं गेली, दोन वर्षांपासून आठवड्याला तीन वेळा डायलिसिस चालू आहे. चार महिन्यांपूर्वी डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तोवर आप्पा रिक्षाने जात होते. आता व्हीलचेअर आली, आणि वडगाव ते नेहरूनगरचं डायलिसिस केंद्र हे सात-आठ किलोमीटरचं अंतर घराला जड झालं. सध्या खासगी ॲम्ब्युलन्सला दर खेपेला, जाऊन-येऊन, १,४०० रुपये जातात. डॉक्टरांकडच्या इतर फेऱ्या धरून महिन्याला १५ खेपा होतात. प्रत्येक वेळी अर्धा दिवस रजा टाकावी लागते, त्यापायी पगारातून महिन्याला सुमारे ७,००० रुपये कापले जातात.

एका ओळखीच्या विक्रेत्याने जुनी मारुती ईको व्हॅन दाखवली आहे. मागे रॅम्प बसवून, कागदपत्रांसह ती ५ लाख ७० हजारांना पडेल. शिल्लक म्हणाल तर एका क्रेडिट सोसायटीत ६ लाखांची ठेव, ८.५ टक्क्यांनी, मार्चमध्ये मुदत संपते. शिवाय आप्पांच्या नावाने पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ४ लाख. पुण्याचा धाकटा भाऊ गाडी घेतली तर २ लाख द्यायला तयार आहे. विक्रेता महिनाअखेरीस २५,००० इसार मागतोय. घ्यावी का गाडी?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. घेऊ नका, निदान आत्ता तरी नको. का, ते सविस्तर सांगतो. तुम्ही आप्पांसाठी जे करताय ते पाहता नुसतं 'नको' म्हणून तुम्हाला परत पाठवणं मला बरोबर वाटत नाही.

आधी गाडीचा खरा महिन्याचा खर्च मांडू. बहुतेक जण पेट्रोल तेवढं धरतात. पेट्रोल इथे सगळ्यात कमी आहे: १५ खेपा, प्रत्येकी १५ किलोमीटर, शहरातलं ॲव्हरेज धरून साधारण २,००० रुपये. विमा आणि दुरुस्ती वर्षाला ३६,००० धरली तर महिन्याला ३,०००. तुमच्या गल्लीत गाडी शिरत नाही असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा बाहेर कुठेतरी जागा भाड्याने घ्यावी लागेल, तिचे १,०००. ५ लाख ७० हजार सोसायटीत राहिले असते तर मिळणारं व्याज साधारण ४,०००, ते बुडणार. आणि चार वर्षांनी गाडी विकताना फार तर २ लाख ६० हजार हाती येतील असं धरू, कारण रॅम्पचे पैसे पुढचा गिऱ्हाईक देत नाही. म्हणजे ३ लाख १० हजारांची घट, महिन्याला जवळपास ६,५००. बेरीज झाली १६,५००. यात चालवणारा नाही. खेपेला ५०० रुपये घेणारा ड्रायव्हर ठेवलात तर ७,५०० वाढून २४,०००. स्वतः चालवलीत तर रजेचे ७,००० जातच राहतील, म्हणजे २३,५००.

आज तुमचा खर्च ॲम्ब्युलन्सचे २१,००० आणि कापलेला पगार ७,००० मिळून २८,००० आहे. त्यामानाने गाडी स्वस्त दिसते, आणि म्हणूनच ती तुम्हाला पटली. पण खरी तुलना ॲम्ब्युलन्सशी करायचीच नाही. आप्पा डायलिसिसला जातात ते स्ट्रेचरवर नव्हे, बसून. त्यांना ॲम्ब्युलन्स लागत नाही. त्यांना लागतात दोन्ही टोकांना उचलून नीट बसवणारे हात.

सरकता दरवाजा असलेली ओमनी किंवा ईको भाड्याने चालवणारे तुमच्याच भागात आहेत, त्यातल्या एकाने ८०० रुपये खेप सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. पत्रात ती ओळ तुम्ही जाता जाता टाकलीत. माझ्या मते सगळं उत्तर तिथेच आहे. १५ खेपांचे १२,०००. त्याला जोड म्हणून एक मदतनीस धरा, खेपेला ३०० रुपये, महिन्याला ४,५००. सकाळी घरातून गाडीत, तिथे गाडीतून खुर्चीत, आणि दुपारी उलट. आई सोबत असतातच, त्यांना फक्त वजन उचलणं जमत नाही. हा सगळा खर्च १६,५००. रजा बंद होते, पगाराचे ७,००० परत घरात येतात. गाडी घेऊन ड्रायव्हर ठेवण्यापेक्षा महिन्याला ७,५०० रुपये कमी, आणि ठेव जागच्या जागी.

मदतनिसाचे पैसे वाचवू नका हे मी मुद्दाम सांगतो. डायलिसिस साधारण चार तास चालतं आणि संपल्यावर बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरतो, चक्कर येते. जाताना एका पायावर जोर देऊन उठणारा माणूस येताना तसा उठेलच असं नाही. परतीच्या वेळी पडून मांडीचं हाड मोडलं तर त्या एका दिवशी वर्षभराचा हिशेब वाहून जाईल. ज्या हातात फिस्च्युला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा आहे, तो हात धरून ओढायचा नाही, त्यावर भार टाकायचा नाही, हे मदतनिसाला पहिल्या दिवशी फिजिओथेरपिस्टसमोर शिकवून घ्या. गुळगुळीत लाकडाची ट्रान्सफर बोर्ड नावाची फळी मिळते, खुर्ची आणि सीटच्या मध्ये ठेवून तिच्यावरून सरकता येतं. कुठलाही चांगला सुतार ती करून देईल, पण माप फिजिओथेरपिस्टकडून घ्या.

आता गाडी न घेण्याचं दुसरं कारण, जे मला पैशापेक्षा मोठं वाटतं. आप्पांची गरज बदलणार आहे. पाय गुडघ्याखाली काढलाय, गुडघा शाबूत आहे. जखम पूर्ण भरली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं तर कृत्रिम पाय बसू शकतो. डायलिसिसच्या रुग्णात अंगातलं पाणी कमी-जास्त होतं, त्यामुळे उरलेल्या पायाचा घेर बदलतो आणि कृत्रिम पायाचा सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो वरचा भाग, सैल-घट्ट होतो; हे खरं असलं तरी दोन पावलं टाकून गाडीच्या पुढच्या सीटवर बसण्यापुरतं बळ आलं तरी रॅम्पची गरज संपते. जयपूर फूट भगवान महावीर विकलांग सहायता समितीकडून मोफत मिळतो. सहा महिन्यांत जे चित्र पालटू शकतं त्यासाठी चार वर्षांचे पैसे अडकवू नका. उलट या सहा महिन्यांत फिजिओथेरपीवर खर्च करा, तो फिटेल.

रॅम्पबद्दल विक्रेत्याने न सांगितलेल्या काही गोष्टी. गाडीची रचना बदलली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. ती नसेल तर अपघातात विमा कंपनी दावा नाकारण्याची वाट मोकळी. सीएनजीची ईको असेल तर टाकी मागे असते, रॅम्प बसणार कुठे? शिवाय आपली साधी घडीची व्हीलचेअर चालत्या गाडीत बांधण्यासाठी बनवलेली नसते. आतमध्ये चार पट्ट्यांनी खुर्ची आणि वेगळ्या पट्ट्याने माणूस बांधावा लागतो. नुसती चाकं अडवून ब्रेक लावून बसवलं तर करकचून ब्रेक मारल्यावर काय होईल ते सांगायला नको. म्हणून सीटवर बसवून, पट्टा लावून, खुर्ची घडी करून मागे ठेवणं हेच आप्पांसाठी जास्त सुरक्षित आहे.

कोल्हापूरकडची एमएच ०९ गाडी स्वस्तात मिळते, ती चालेल का, असंही तुम्ही विचारलंत. आपल्या सीमाभागात हा मोह प्रत्येकाला होतो. बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी आणून केए २२ मध्ये नोंदवावी लागते आणि कर्नाटकचा कर भरावा लागतो. महाराष्ट्रात भरलेल्या करातला उरलेला भाग परत मागता येतो, पण तो खटाटोप वेगळा. सगळं धरलं की स्वस्ताई फारशी उरत नाही.

शेजारच्यांनी सुचवलंय की गाडी घ्या आणि गल्लीतल्या इतर पेशंटनाही भाड्याने न्या, खर्च निघेल. पांढऱ्या पाटीच्या गाडीने वडाप केलं की खासगी वाहनाच्या विम्याला काही अर्थ उरत नाही. पिवळी पाटी, परमिट, फिटनेस, व्यावसायिक विमा, हा धंदा झाला, आणि तो तुम्ही शिफ्ट सांभाळून करणार नाही. त्याच नियमाने ओमनीवाल्याकडेही पिवळी पाटी आहे का आणि विमा चालू आहे का हे आधी बघा. ८०० रुपये ठरवताना दोन पेशंटनी मिळून जायचं का, हेही विचारा. त्याच पाळीला वडगाव-शहापूर भागातून आणखी कोणी येत असेल तर डायलिसिस युनिटमधल्या सिस्टरना नक्की माहीत असतं, आणि ते कुटुंबही तुमच्यासारखंच गाडी शोधत असेल.

विमा आणि सरकारी योजनांबद्दल थोडक्यात. आरोग्य विम्यात ॲम्ब्युलन्सची रक्कम सहसा तातडीने भरती होण्यासाठी असते, ठरलेल्या फेऱ्यांना नाही. १०८ ही कर्नाटकात २००८ पासून चालणारी सेवाही तातडीच्या वेळेसाठीच आहे. आप्पांना अचानक धाप लागली, छातीत दुखलं तर ओमनीवाल्याला फोन करत बसू नका, १०८ लावा. शक्ती योजनेत जून २०२३ पासून कर्नाटकातल्या महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे, आईंना मधल्या वेळेत घरी येऊन जायचं असेल तर तो उपयोगी पडेल. घरात बीपीएल रेशनकार्ड असेल तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली मोफत पाळी मिळते का ते विचारा. हा कार्यक्रम २०१६ पासून आहे, आणि ते रुग्णालय नेहरूनगरपेक्षा तुम्हाला जवळ. मात्र आप्पांचे डॉक्टर हो म्हणाल्याशिवाय केंद्र बदलू नका. अपंगत्वाच्या प्राप्तिकर वजावटीसाठी कोणी गाडी घ्यायला सांगत असेल तर तो सल्ला तुमच्यासाठी नाही: ती वजावट गाडीवर मिळत नाही, आणि तुमच्या पगारावर तसाही कर बसत नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, मात्र काढून ठेवा.

आता सोसायटीतली ठेव. गाडीचा विषय नसता तरी मी हे लिहिलं असतं. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. क्रेडिट सोसायटीला ते नाही. तुमची सोसायटी चांगली चाललेली असेल, मला तिच्याबद्दल वावगं बोलायचं नाही. पण ज्या घरात दर एक दिवसाआड डायलिसिस आहे, त्या घराची एवढी मोठी पुंजी बिनसंरक्षणाच्या एका ठिकाणी असू नये. मार्चमध्ये मुदत संपली की ४ लाख आईंच्या नावाने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका, त्या ६४ वर्षांच्या आहेत. सध्या ८.२ टक्के दराने वर्षाला ३२,८०० रुपये, दर तिमाहीला ८,२०० खात्यात. आप्पांच्या खात्यातूनही तेवढेच येतात. दोन्ही मिळून महिन्याला साधारण ५,४५०. उरलेले २ लाख बँकेत, लगेच मोडता येतील अशा ठेवीत. फिस्च्युला बंद पडला, जंतुसंसर्ग झाला, तर ते लागतील. ज्येष्ठ नागरिक योजना मात्र वर्षाच्या आत मोडली तर दिलेलं व्याज परत घेतात, दोन वर्षांच्या आत दीड टक्का आणि नंतर एक टक्का कापतात, म्हणून अडीनडीचे पैसे तिच्यात घालू नका. पैसे तुमचे आणि खातं आईंच्या नावाने, तेव्हा भावाला आणि निपाणीच्या बहिणीला आधीच सांगून ठेवा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, आणि या गोष्टी आधी बोलल्या की नंतर नाती तुटत नाहीत.

भावाचे २ लाख. गाडी डोळ्यांना दिसते, म्हणून लांब राहणाऱ्या माणसाला तिच्यासाठी पैसे देणं सोपं जातं. त्याला वरचा हिशेब दाखवा आणि एकरकमी २ लाखांऐवजी महिन्याला ४,००० मागा. २ लाख त्या दराने चार वर्षांहून जास्त पुरतात, त्यालाही एकदम काढावे लागत नाहीत. मग १६,५०० असे उभे राहतात: परत आलेला पगार ७,०००, भावाचे ४,०००, दोन्ही पोस्टखात्यांचं व्याज ५,४५०. तुमच्या आजच्या घरखर्चाला हात लागत नाही.

डॉक्टरांनी सहा महिन्यांनी सांगितलं की कृत्रिम पाय जमणार नाही आणि आप्पांना खुर्चीतून हलवणंच धोक्याचं आहे, तर रॅम्पच्या गाडीचा विचार पुन्हा करू, तेव्हाही आधी महिन्याच्या कराराने भाड्याची शोधू. ओमनीवाल्याशी बोलताना दिवाळीत, आजारपणात, जून ते सप्टेंबरच्या पावसात बदली गाडी कोण देणार हे कागदावर लिहून घ्या, कारण डायलिसिसची पाळी चुकवता येत नाही. त्या बदलीवाल्याचा आणि आणखी एकाचा नंबर आईंच्या फोनमध्ये भरून ठेवा. विक्रेत्याला इसार देऊ नका. मार्चला अजून वेळ आहे. तोवर एक महिना ओमनी आणि मदतनीस लावून बघा, झालेला खर्च वहीत टिपा, आणि आकडे माझ्या आकड्यांपेक्षा वेगळे आले तर मला पुन्हा लिहा.