रात्री जागे कोण असते? वृद्धाश्रमांतील सुरक्षिततेविषयी वाचकांचे प्रश्न

वृद्धाश्रम आणि ज्येष्ठ निवासांमधील काळजीच्या दर्जाविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. काही पत्रे लांब होती, त्यामुळे प्रश्न थोडक्यात मांडले आहेत.

पुण्याच्या एका वाचकांचा प्रश्न: वडिलांसाठी पाहिलेल्या वृद्धाश्रमाच्या पाटीवर 'नोंदणीकृत' असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. तेथील काळजीचा दर्जा शासनाने तपासला आहे, असा याचा अर्थ घ्यावा का?

नाही. पाटीवरची ती नोंदणी बहुतेक वेळा संस्थेची असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली धर्मादाय आयुक्तांकडे न्यास (ट्रस्ट) नोंदवलेला आहे, एवढेच त्यावरून कळते. धर्मादाय कार्यालय विश्वस्त, मालमत्ता आणि हिशेब पाहते. रात्री दोन वाजता आजोबांना लघवीसाठी उठवायला कोणी येते की नाही, हे पाहणे त्या कार्यालयाच्या कामात बसत नाही.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, 2007 मधील कलम 19 वृद्धाश्रमांविषयीच आहे, पण ते शासनाने निराधार ज्येष्ठांसाठी काढायच्या वृद्धाश्रमांपुरते आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 जणांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम असावा, असे ते सांगते. शुल्क घेऊन चालणाऱ्या खाजगी निवासांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवण्याची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले, परंतु ते मंजूर न होताच त्या लोकसभेची मुदत संपली. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने 2019 मध्येच निवृत्तांच्या वसाहतींसाठी नमुना मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती चांगली आहेत, पण मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. आपल्या म्हाताऱ्या माणसांना आपण ज्या दारातून आत सोडतो, त्या दारावर अजून कोणाचीही सक्तीची तपासणी नाही, ही गोष्ट मला फार खुपते.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना ठेवून त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा करणाऱ्या ठिकाणी मात्र महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, 1949 खालचे प्रमाणपत्र आहे का, हे जरूर विचारावे. नळीवाटे अन्न देणे, लघवीची नळी सांभाळणे, जखमा बांधणे अशा सेवांची जाहिरात करणाऱ्या संस्थेला हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

सांगलीच्या एक वाचक विचारतात: पहिल्या भेटीत नेमके काय पाहावे? सगळीकडे बाग, देवघर आणि स्वच्छ फरशी दाखवतात.

बाग दिवसा पाहण्याची गोष्ट आहे. वृद्धाश्रम ओळखायचा तर तो रात्री पाहावा. शक्य असेल तर एक भेट संध्याकाळी आठनंतर द्या आणि रात्रपाळीचा हजेरीपट मागा. किती मावशी आणि मामा रात्री असतात, त्यांतले जागे किती आणि 'हाक मारली की उठतात' असे किती, हे स्पष्ट विचारा. तीस खाटांच्या दोन मजली इमारतीत एकच मावशी असेल, तर खालच्या मजल्यावर ती कोणाचे कपडे बदलत असताना वरचा मजला मोकळाच राहतो. बहुतेक पडणे, धडपडणे अशाच वेळी संडासाच्या वाटेवर होते.

त्यानंतर कोणत्याही एका खाटेवर बसा आणि हात लांब करून बेल सापडते का ते पाहा. एका ठिकाणी प्रत्येक खाटेजवळ बेल होती, परंतु तिची दोरी नीट गुंडाळून डोक्याच्या वरच्या खिळ्याला अडकवलेली होती. खाटेवरच्या आजींचा उजवा हात पक्षाघाताने गेलेला होता. पाण्याचा पेलाही त्यांच्या उजव्याच बाजूला होता. दर्जा म्हणजे काय, हे मला त्या दोरीने जितके शिकवले तितके कोणत्याही नियमावलीने शिकवले नाही.

आगीचा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि तोच सर्वांत आधी विचारायला हवा. 1 जानेवारी 2023 च्या पहाटे दिल्लीतील ग्रेटर कैलाश भागातल्या एका ज्येष्ठ निवासाला आग लागून दोन वृद्ध महिला दगावल्या. येथील रहिवाशांना स्वतःहून बाहेर पडता येत नाही, म्हणूनच राष्ट्रीय इमारत संहिता वृद्धाश्रमांना घरांच्या नव्हे, तर रुग्णालयांच्या गटात धरते. महाराष्ट्रात 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, ज्याला 'ब नमुना' म्हणतात, दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करायचे असते. शेवटचा ब नमुना दाखवा, असे म्हणा. मागचे दार उघडे आहे की कुलूपबंद, आणि कुलूप असेल तर किल्ली रात्री कोणाच्या कमरेला असते, हेही विचारा.

बाकीच्या गोष्टी डोळ्यांनी दिसतात. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचा (रॅम्पचा) चढ एक फूट उंचीला बारा फूट लांबी या मापापेक्षा तीव्र नसावा. संडासाचे दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे, कारण आत पडलेले माणूस दाराला अडले तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही. रात्रीचे जेवण साडेसहाला आणि सकाळचा नाश्ता साडेआठला असेल, तर मधले चौदा तास मधुमेही माणसाला काय देता, हेही विचारावे.

नागपूरच्या एका वाचकांचे पत्र: आईला स्मृतिभ्रंश आहे. रात्री ती उठून फिरते म्हणून आश्रमात तिचे हात ओढणीने खाटेला बांधतात. 'पडून हाड मोडण्यापेक्षा हे बरे' असे तेथील व्यवस्थापक म्हणतात. हे योग्य आहे का?

हे योग्य नाही आणि ते आजच थांबले पाहिजे. बांधलेले माणूस सुटण्यासाठी धडपडते, कठड्यात अडकते, एकाच कुशीवर राहून त्याला शय्याव्रण, म्हणजे अंथरुणाच्या दाबाने होणाऱ्या जखमा, होतात, पायांतली ताकद जाते आणि मग सोडल्यावर ते हमखास पडते. ज्या भीतीने बांधले, तीच गोष्ट बांधल्यामुळे ओढवते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 चे कलम 97 मानसिक आरोग्य आस्थापनांना लागू आहे. रुग्णाला किंवा इतरांना होणारी तात्काळची इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तरच, मनोविकारतज्ज्ञाच्या अधिकाराने, अगदी गरजेपुरता वेळ आणि नोंद ठेवून शारीरिक बंधन घालता येते. केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून ते घालता येत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. तज्ज्ञ डॉक्टर असलेल्या रुग्णालयावर एवढी बंधने आहेत, तर ज्या आश्रमात डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो तेथे ओढणी कोणाच्या अधिकाराने बांधली जाते, हा प्रश्न व्यवस्थापकांना लेखी विचारा. माणसाला डांबून ठेवणे हा फौजदारी गुन्हा आहे, हेही त्यांना ठाऊक असू द्या.

आई रात्री का उठते, याचा शोध मात्र घ्यावाच लागेल. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, गुडघेदुखी, दुपारची लांबलेली झोप, संध्याकाळी उशिरा दिलेली लघवीची गोळी, यांतले काहीही कारण असू शकते, आणि स्मृतिभ्रंशात ते शब्दांत सांगता येत नाही म्हणून माणूस उठून चालू लागते. खाट गुडघ्याखाली येईल इतकी बुटकी ठेवणे, शेजारी जमिनीवर गादी अंथरणे, रात्री ठरावीक वेळी आपणहून संडासला नेणे आणि वाटेवर मंद दिवा ठेवणे, एवढ्याने बराच फरक पडतो. 'बांधत नाही, मग गोळी देतो' हे उत्तरही स्वीकारू नका. स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांमध्ये मनोविकारावरील काही औषधांनी मृत्यूचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून प्रत्येक गोळीचे नाव, कारण आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरांची सही पाहायला मागा.

ठाण्याहून प्रश्न: वडिलांच्या माकडहाडावर जखम झाली आहे. 'या वयात होतेच' असे आश्रमातून सांगतात.

वयामुळे जखम होत नाही, दाबामुळे होते. बोटाने दाबल्यावर पांढरी न होणारी लाली ही तिची पहिली खूण असते आणि ती वेळेवर दिसली तर पुढचे बहुतेक वेळा टळते. कूस साधारण दर दोन तासांनी बदलली जाते का आणि त्याची वेळेनिशी नोंद आहे का, ते पाहा. पूर्ण रात्रीच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने, एका दमात लिहिलेल्या दिसल्या तर समजून घ्या. भेटीला गेल्यावर पांघरूण बाजूला करून टाचाही पाहा, आणि दर महिन्याचे वजन विचारा; 60 किलोच्या माणसाचे महिन्यात तीन किलो कमी होणे ही धोक्याची सूचना आहे. जखम काळी पडली असेल किंवा तिला वास येत असेल, तर आश्रमाशी वाद घालत न बसता आधी रुग्णालय गाठावे.

तक्रारीसाठी ज्येष्ठांच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक 14567 आहे आणि जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाकडेही लेखी अर्ज करता येतो. तुम्ही शुल्क देत असाल, तर सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येते. छायाचित्रे तारखेसह आणि पावत्या जपून ठेवा.

एका निवृत्त शिक्षिका विचारतात: 'सदनिका संस्थेच्या नावे करा, आजन्म सांभाळू' असा प्रस्ताव आहे. स्वीकारावा का?

माझे मत स्पष्ट आहे: करू नये. मासिक शुल्क आणि परत मिळणारी अनामत, तीही किती दिवसांत परत मिळेल हे करारात लिहून, यापलीकडे जाऊ नये. तरीही द्यायचेच ठरले, तर आजन्म निवास, जेवण आणि शुश्रूषेची अट बक्षीसपत्रातच लिहून घ्या. वर सांगितलेल्या ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या अधिनियमातील कलम 23 प्रमाणे अट मोडल्यास ते हस्तांतरण न्यायाधिकरणाकडून रद्द करवून घेता येते. पण अट तोंडी असेल तर हा आधार फार लंगडा पडतो.

दुबईहून एक वाचक: आई नाशिकला आश्रमात आहे. इतक्या दुरून लक्ष कसे ठेवू?

गावातल्या एका नातलगाला किंवा आईच्या मैत्रिणीला पंधरा दिवसांतून एकदा, वेळ न कळवता जाऊ द्या आणि करारात त्यांचे नाव भेट देणारी व्यक्ती म्हणून लिहून घ्या. महिन्याचे वजन, गोळ्यांची यादी आणि पडल्याच्या नोंदी आश्रमाकडून ठरावीक तारखेला मागवा. फोनवर 'कशी आहेस' असे विचारले की आई 'बरी आहे' असेच म्हणणार. त्याऐवजी काल रात्री बेल वाजवल्यावर कोण आले होते आणि किती वेळाने आले, असे विचारा.