क्रूझवर पाय घसरून मनगट मोडलं, कंपनी व्हाउचर देतेय, सही करू का?

नमस्कार काका,

तुमचा मेल वाचला. काकूंच्या मनगटाचं ऐकून वाईट वाटलं, आणि काळजीही वाटली, कारण तुमच्या हातात वेळ फार कमी आहे.

बाकीच्या वाचकांसाठी प्रकरण थोडक्यात सांगतो. काका-काकू रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच क्रूझला गेले, मायामीहून निघून कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका आणि परत. पहिले दिवस मजेत गेले. मग समुद्रावरच्या एका दुपारी लिडो डेकवर, म्हणजे तरणतलावाच्या वरच्या मजल्यावर, सॉफ्ट आइस्क्रीमच्या मशीनजवळ साचलेल्या पाण्यावरून काकू घसरल्या. उजवा हात टेकला. जहाजावरच्या डॉक्टरांनी एक्सरे काढून 'मुरगळलंय' सांगितलं आणि पट्टी बांधून दिली. घरी आल्यावर ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी फ्रॅक्चर दाखवलं, ऑपरेशन झालं, प्लेट बसली, आणि अजूनही काकूंना बरणीचं झाकण उघडता येत नाही. जहाजाने उपचाराचे पैसे ऑनबोर्ड अकाउंटला लावले, मेडिकेअरने, म्हणजे अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याने, ते बिल नाकारलं. आता कंपनीच्या क्लेम्स डिपार्टमेंटमधल्या एक बाई पुढच्या क्रूझचं व्हाउचर देतायत आणि सोबत एका कागदावर दोघांची सही मागतायत. ह्या गोष्टीला दहा महिने होत आले.

काका, त्या कागदावर सही करू नका. तुम्ही म्हणता तो फक्त व्हाउचर मिळाल्याची पोच आहे, पण तुम्ही त्यातला जो परिच्छेद टाइप करून पाठवलाय त्यात 'ह्या घटनेतून उद्भवणारे सर्व माहीत आणि अज्ञात दावे सोडून देत आहोत' असं स्वच्छ लिहिलंय. ह्याला रिलीज म्हणतात. सही झाली की प्रकरण बंद, उद्या प्लेट काढायला दुसरं ऑपरेशन लागलं तरी बंद.

आता मुख्य गोष्ट, आणि ही नीट वाचा. अमेरिकेत समुद्रावरच्या दुखापतीसाठी केस करायला एरवी तीन वर्षं मिळतात, कोणीतरी तुम्हाला हेच सांगितलं असणार म्हणून तुम्ही निवांत आहात. पण क्रूझ कंपन्यांच्या तिकिटात एक काँट्रॅक्ट असतं, ऑनलाइन चेक-इन करताना आपण 'मान्य आहे' वर टिक करतो ना, तेच, आणि त्यात ही मुदत जवळपास नेहमी एक वर्षावर आणलेली असते. फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचा, कायदा त्यांना ते करू देतो. कायद्याची अट एवढीच की अमेरिकन बंदराला लागणाऱ्या जहाजांवर दुखापतीची लेखी नोटीस द्यायची मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी ठेवता येत नाही आणि केस दाखल करायची मुदत एक वर्षापेक्षा कमी ठेवता येत नाही. म्हणजे घड्याळ काकू पडल्या त्या दिवशी सुरू झालं, आणि तुमच्याकडे जेमतेम दोन महिने उरलेत.

तुम्ही लिहिलंय की 'कंपनीशी बोलणं चालूच आहे, त्या बाई फार सभ्य आहेत, दर पंधरा दिवसांनी मेल करतात.' असतील सभ्य, त्यांच्या स्वभावाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण बोलणं चालू आहे म्हणून मुदत थांबत नाही. 'तुमची फाइल आम्ही बघतोय' ह्या मेलने थांबत नाही, 'मॅनेजरकडे पाठवलंय' ह्याने पण नाही. मुदत वाढते ती फक्त कंपनीने लेखी दिलं तर, त्यात तारीख घालून, की अमुक दिवसापर्यंत केस केली तर मुदतीचा मुद्दा आम्ही काढणार नाही. असं पत्र मागा जरूर, पण ते हातात येईपर्यंत ते येणार नाही असंच धरून चाला. चांगल्या केसेस केवळ गोड पत्रव्यवहारात वर्ष उलटून मेलेल्या आहेत आणि मला त्याचा खरोखर राग येतो, कारण त्यात जास्त करून तुमच्यासारखी भिडस्त, वयस्कर माणसं अडकतात.

मग सहा महिन्यांच्या नोटिशीचं काय, ती तर गेली? त्यात बहुतेक तुम्ही वाचाल. त्याच कायद्यात असंही आहे की कंपनीला किंवा कॅप्टनला दुखापत माहीत होती आणि नोटीस न दिल्यामुळे कंपनीचं काही नुकसान झालेलं नाही असं कोर्टाला दिसलं, तर नोटीस नाही एवढ्यावर दावा बुडत नाही. काकूंवर जहाजावरच्याच मेडिकल सेंटरमध्ये उपचार झाले, सिक्युरिटीने फोटो काढले, तुम्ही त्यांच्या फॉर्मवर सही केली, म्हणजे त्यांना माहीत नव्हतं असं म्हणायला जागा कमीच. तरी लेखी नोटीस ह्याच आठवड्यात पाठवा, रजिस्टर्ड पोस्टाने आणि मेलने पण.

आता कुठे केस करायची. तुम्ही विचारलंय की घराजवळच्या स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टात, जाऊ का. नाही. तिकिटात कोर्टाचं नाव लिहिलेलं असतं, आणि मायामीच्या मोठ्या कंपन्यांच्या तिकिटात सहसा तिथलंच फेडरल कोर्ट असतं, म्हणजे सदर्न डिस्ट्रिक्ट ऑफ फ्लोरिडा. हे अन्यायाचं वाटतं हे मला कळतं. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे नेमका हाच प्रश्न आला होता, कार्निव्हल ही क्रूझ कंपनी विरुद्ध शूट. वॉशिंग्टन राज्यातलं जोडपं, लॉस एंजेलिसहून क्रूझला गेलेलं, मेक्सिकोजवळ जहाजाचं किचन दाखवत असताना बाई मॅटवरून घसरून पडल्या. त्यांनी घराजवळ केस केली आणि सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तिकिटात फ्लोरिडा लिहिलंय तर फ्लोरिडाला जा. तेव्हापासून ह्यावर वाद घालण्यात फारसा अर्थ राहिलेला नाही. आणि चुकीच्या कोर्टात केस टाकून बसलात आणि तेवढ्यात वर्ष संपलं तर पुन्हा मुदतीचं भांडण वेगळं लढावं लागतं, कधी कोर्ट ऐकतं कधी नाही, त्या फंदात पडूच नका. तुमच्या तिकिटात कोणतं कोर्ट आहे ते आधी बघा, कारण काही कंपन्या लॉस एंजेलिस किंवा सिएटल लिहितात.

तुमच्या केसमध्ये दम आहे का? पडण्याच्या बाबतीत मला वाटतं आहे. जहाजावर पडलं म्हणजे आपोआप पैसे मिळतात असं मुळीच नाही. ओली जागा धोक्याची आहे हे कंपनीला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, हे आपल्याला दाखवावं लागतं, आणि बहुतेक केसेस इथेच पडतात कारण पाणी किती वेळ होतं हे कोणालाच सांगता येत नाही. पण तुमच्या मेलमध्ये एक वाक्य आहे जे तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. काकूंना उचलायला धावलेला वेटर म्हणाला, 'हे मशीन सकाळपासून गळतंय, आम्ही सांगितलंय.' काका, ह्या वाक्यावर तुमची केस उभी राहू शकते. कर्मचाऱ्याने त्याच्या कामासंबंधी, नोकरीत असताना केलेलं विधान कंपनीविरुद्ध पुरावा म्हणून चालू शकतं, ऐकीव म्हणून ते सहज बाजूला काढता येत नाही. शेजारच्या टेबलवरच्या ज्या बाईंनी हे ऐकलं आणि काकूंशी नंबरांची देवाणघेवाण केली, त्यांना आजच मेसेज करा आणि त्यांना जे आठवतंय ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवायला सांगा. तुम्ही त्यांना शब्द सुचवू नका. तुम्हीही दोघांनी वेगवेगळं बसून आठवेल ते लिहून काढा: वेटरच्या शर्टावरचा बॅज, पाणी कुठून कुठपर्यंत होतं, पिवळी पाटी होती का, असली तर आधी होती की नंतर आणून ठेवली.

मशीनच्या दुरुस्तीच्या नोंदी, त्या दिवसाचं सीसीटीव्ही, डेक साफ करण्याचे लॉग, हे सगळं कंपनीकडे आहे. नोटिशीतच लिहा की हे जपून ठेवा, नष्ट करू नका. फुटेज काही काळाने पुसलं जातं, दहा महिन्यांनी ते असेल की नाही सांगता येत नाही, पण अपघाताचा रिपोर्ट झालेला असल्यामुळे त्यांनी तेवढा भाग काढून ठेवला असण्याची शक्यता बरी आहे.

तुम्हाला जी गोष्ट खातेय तिच्याबद्दल आता. त्या फॉर्मवर प्रश्न होता, 'हा अपघात टाळण्यासाठी तुम्ही काय करू शकला असता?' आणि काकूंनी दुखत्या हाताने, तुमच्याकडून लिहवून घेतलं, 'मी जास्त जपून चालायला हवं होतं.' तुम्हाला वाटतंय आपणच कबुली दिली. ती कबुली नाही हो, दुखण्यात असलेल्या भल्या माणसाचं ते उत्तर आहे. त्याचा त्रास थोडा होईल, त्यांचा वकील ते वाचून दाखवेल, सपाता घातल्या होत्या हेही काढेल. पण सागरी कायद्यात दोष वाटून घेतात. काकूंचा दोष समजा वीस टक्के धरला तर भरपाई वीस टक्क्यांनी कमी होते, दावा संपत नाही.

डॉक्टरांचा मुद्दा मात्र अवघड आहे. बऱ्याच तिकिटांत लिहिलेलं असतं की जहाजावरचे डॉक्टर स्वतंत्र आहेत, कंपनी जबाबदार नाही, आणि बरीच वर्षं कोर्टं हे मान्य करत होती. २०१४ मध्ये अकराव्या सर्किटच्या अपील कोर्टाने, ज्याच्या हाताखाली फ्लोरिडा येतं, हे बदललं. बर्म्युडाला एका वयस्कर प्रवाशाचं डोकं आपटलं होतं, जहाजाच्या मेडिकल सेंटरमध्ये नीट तपासणी झाली नाही असा आरोप होता आणि तो प्रवासी नंतर वारला. कोर्ट म्हणालं, गणवेश तुमचा, दवाखाना तुमचा, बिल तुम्ही लावता, तर जबाबदारीही येऊ शकते. म्हणजे दार उघडं आहे. पण तुमच्या बाबतीत हे सिद्ध करावं लागेल की ते चार-पाच दिवस पट्टीवर काढल्यामुळे ऑपरेशन करावं लागलं, आधी कळलं असतं तर नुसत्या प्लास्टरवर भागलं असतं. हे तुमचे ऑर्थोपेडिकच सांगू शकतील. जहाजावरच्या एक्सरेची फाइल लेखी मागवा, नुसता रिपोर्ट नको, इमेज हवी, आणि ती त्यांना दाखवा. ते 'काही फरक पडला नसता' म्हणाले तर हा मुद्दा सोडून द्या, पडण्याचा दावा त्याने कमकुवत होऊ देऊ नका.

मेडिकेअरचं. त्यांनी बिल नाकारलं ते नियमाला धरूनच दिसतंय, कारण जहाज अमेरिकन बंदरात किंवा तिथून सहा तासांच्या आत असेल तेव्हाच ते जहाजावरच्या उपचारांचा विचार करतात आणि तुम्ही त्या दिवशी केमनच्या बाजूला होतात. पण तुमच्याकडे मेडिगॅप, म्हणजे मेडिकेअरला पूरक खासगी विमा, आहे म्हणालात, त्याचं अक्षर कोणतं ते बघा. सी, डी, एफ, जी, एम आणि एन ह्या प्लॅन्समध्ये परदेश प्रवासातली इमर्जन्सी बसते, २५० डॉलर वजा करून उरलेल्याच्या ८० टक्के, प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत, आयुष्यभरात ५०,००० डॉलरच्या मर्यादेत. तिथे क्लेम टाकलाच नसेल तर आधी टाका.

आणि ह्यातलीच एक गोष्ट बहुतेकांना कोणी सांगत नाही. घरी आल्यावरचं ऑपरेशन मेडिकेअरने भरलंय ना? उद्या कंपनीकडून सेटलमेंट झाली की मेडिकेअर आपला खर्च त्यातून परत मागू शकतं, कायदाच तसा आहे. आता विचार करा, सेटलमेंट म्हणून तुम्ही व्हाउचर घेतलंत तर मेडिकेअरला कापून काय देणार? त्यामुळे जी काही तडजोड कराल ती रोख रकमेत करा, आणि मेडिकेअरचा आकडा आधी मागवून मग बोला. काकू नोकरी करत नव्हत्या म्हणून पगाराचं नुकसान नाही आणि म्हणून 'तुमचा क्लेम छोटा' असं त्या बाई सुचवतायत, ते मनावर घेऊ नका. वेदना, हाताची गेलेली ताकद, घरकामाला लावावी लागलेली मदत, पुढचा फिजिओ, ह्या सगळ्याची भरपाई मागता येते.

राहिलेले दोन प्रश्न पटकन. ग्रँड केमनचा थांबा रद्द झाला, त्याचं काय? तिथे मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही, टेंडर म्हणजे छोट्या बोटींनी उतरवतात, लाटा असल्या की ते थांबा रद्द करतात आणि तिकिटात त्यांना तो अधिकार असतो. पोर्ट फी परत मिळाली का तेवढं बघा, बाकी हाती लागणार नाही. आणि तुमची स्वतःची सुट्टी वाया गेली, तुम्ही काकूंची सेवा केलीत, त्याबद्दल तुमचा वेगळा दावा तिथली फेडरल कोर्टं सहसा मानत नाहीत. दावा काकूंच्या नावावर राहील.

हे सगळं तुमची क्रूझ मायामीहून निघाली म्हणून. कोणाची क्रूझ अमेरिकन बंदराला लागलीच नसेल तर बऱ्याचदा अथेन्स कन्व्हेन्शन, म्हणजे समुद्रप्रवाशांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, लागू होतं, तिथे मुदत दोन वर्षांची आणि भरपाईला वरची मर्यादा असते, त्यांनी माझं हे उत्तर आपल्याला लावून घेऊ नये.

काकू म्हणतायत ना, की जहाजावरची पोरं इतकी चांगली वागली, त्यांच्यावर केस कशी करायची? त्यांना सांगा, त्या वेटरवर कोणी केस करत नाहीये. उलट त्याने मशीनबद्दल आधीच कळवलं होतं आणि कोणी ऐकलं नाही, हेच आपण म्हणतोय. पैसे कंपनी आणि तिचा विमा देतात.

वकील बघताना पहिला प्रश्न हाच विचारा की तुम्ही सदर्न डिस्ट्रिक्ट ऑफ फ्लोरिडात फेडरल कोर्टात उभे राहता का आणि प्रवाशांच्या बाजूने क्रूझच्या केसेस करता का. असे वकील जास्त करून टक्केवारीवर काम करतात, आधी पैसे घेत नाहीत, पण कोर्टाचा आणि तज्ज्ञांचा खर्च हरल्यावर कोणी भरायचा हे लेखी घ्या. तिकिटाचं काँट्रॅक्ट, तो फॉर्म, ऑनबोर्ड बिल आणि त्या बाईंचे सगळे मेल एका फोल्डरमध्ये घालून सोमवारी फोन लावा. शेवटच्या आठवड्यात गेलात तर चांगला वकील केस घ्यायला कचरतो.

मधल्या काळात त्या बाईंचा फोन आला तर रेकॉर्डेड स्टेटमेंटला हो म्हणू नका. 'आम्ही वकिलांशी बोलतोय, जे काय आहे ते लेखी पाठवा' एवढंच म्हणा आणि फोन ठेवा. आणि व्हाउचर वापरून टाकू नका, ऑनलाइन 'स्वीकारा' चं बटणसुद्धा दाबू नका.