नशिबाने साधलेला होल-इन-वन

गोल्फमध्ये पार-थ्री होलवर, म्हणजे तीन फटक्यांत पुरा करायच्या टप्प्यावर, तुमचा चेंडू झाडाला लागून, उतारावरून घरंगळत एकाच फटक्यात खळग्यात गेला असेल, तर तो निःसंकोच आपला माना. स्कोअरकार्डावर फक्त १ लिहिला जातो, तो कसा मिळाला हे कोणी नोंदवत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल या गोल्फ मैदानाच्या सोळाव्या होलवर, सरावाच्या फेरीत, स्पेनचे गोल्फपटू जॉन राम यांनी मुद्दाम तळ्याच्या पाण्यावरून टप्पे घेत जाईल असा मारलेला चेंडू ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, चढला आणि लांबलचक वळण घेत थेट खळग्यात उतरला. पाण्यावरचे टप्पे कौशल्याचे होते, शेवटचे वळण मात्र बरेचसे नशिबाचे, आणि म्हणून त्याची गंमत तिळमात्र कमी होत नाही.

समाधानाचे मात्र वेगळे आहे. सात नंबरच्या आयर्नच्या, म्हणजे धातूच्या पात्याच्या काठीच्या, मध्यावर चेंडू नेमका बसतो, हाताला जराही झिणझिणी येत नाही आणि तो ठरवलेल्या जागी उतरून खळग्यापासून हातभर अंतरावर थांबतो, तेव्हाचे समाधान मला अधिक खोल वाटते. म्हणून नशिबाने साधलेल्या होल-इन-वनवरून आपला स्विंग, म्हणजे काठी फिरवण्याची पद्धत, बदलू नका. पुढच्या खेपेसही खळग्यातल्या झेंड्याऐवजी ग्रीनच्या मध्यावरच नेम धरा. कार्डावर सोबत्याची सही तेवढी अवश्य घ्या.