डिझेल पिकअपचं इंजिन: टिकतं कुठलं, ओढतं किती आणि पितं किती

डिझेल पिकअपच्या इंजिनांबद्दल बरेच प्रश्न साठलेत, बहुतेक अमेरिकेतल्या मोठ्या पिकअपचे आहेत आणि एक छोट्या गाड्यांचा आहे, जमतील तेवढ्यांची उत्तरं देतोय. कमिन्स म्हणजे डॉज रॅममधलं इंजिन, पॉवरस्ट्रोक फोर्डमधलं आणि ड्युरामॅक्स जनरल मोटर्सच्या पिकअपमधलं.

प्रश्न: दादा, जुनी डिझेल पिकअप घ्यायचीय. कमिन्स, पॉवरस्ट्रोक आणि ड्युरामॅक्स यात सगळ्यात टिकाऊ इंजिन कुठलं? एकच नाव सांगा.

एकच नाव सांगितलं तर तुमची फसगत होईल, कारण इथे कंपनीपेक्षा वर्ष बघायचं असतं. तिघांनीही दणकट इंजिनं काढली आणि तिघांनीही डोकेदुखी पण काढली. इतकी इंजिनं उघडून एक गोष्ट मात्र छातीठोकपणे सांगतो, ब्लॉक, क्रँक, पिस्टन हे सहसा आधी जात नाहीत, आधी जातं ते त्यांच्या भोवतीचं सामान म्हणजे डिझेल पंप, इंजेक्टर, कूलर, सेन्सर आणि धुराची यंत्रणा. त्यामुळे टिकाऊपणा तिथे शोधायचा.

कमिन्सचं ५.९ लिटर डॉज रॅममध्ये १९८९ च्या मॉडेलपासून आलं. एका रांगेत सहा सिलिंडर, क्रँकला सात मेन बेअरिंग (व्ही८ ला पाचच असतात), कॅम गिअरवर फिरतो म्हणजे बेल्ट नाही की चेन नाही. आणि एवढ्या जड इंजिनाकडून सुरुवातीला ताकद घेतली फक्त १६० हॉर्सपॉवर आणि ४०० पाउंड-फूट टॉर्क, म्हणजे इंजिन कायम आरामात चालायचं, टिकण्याचं खरं कारण हेच. त्यातलं १९९४ ते १९९८ चं १२ व्हॉल्व्हवालं पूर्ण मेकॅनिकल पंपाचं, त्याच्यावर आजही लोक जीव टाकतात आणि बरोबरच आहे. पण त्यातही एक खोड आहे, पुढच्या गिअरच्या घरात एक छोटी स्टीलची पिन असते, ती थरथरीने हळूहळू बाहेर सरकते आणि एखाद्या दिवशी गिअरमध्ये पडते, मग घर फुटतं. पिनेवर एक पट्टी ठोकून बसवली की विषय संपला, म्हणून गाडी घेताना पहिला प्रश्न हाच विचारा की ते काम झालंय का. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या २४ व्हॉल्व्हवाल्यांत व्हीपी४४ नावाचा पंप आहे, तो डिझेलनेच थंड होतो आणि डिझेलनेच ओला राहतो, त्याला डिझेल पोचवणारा छोटा पंप कमकुवत, तो दमला की मागोमाग मोठा पण जातो. या वर्षांची गाडी घेतली तर गाणी वाजवायची सिस्टिम नंतर, आधी डिझेलच्या प्रेशरचं मीटर लावा.

फोर्डचं ७.३ पॉवरस्ट्रोक (१९९४ ते २००३, बनवलेलं नॅव्हिस्टारने) पण असंच चिवट. त्याचे इंजेक्टर इंजिन ऑइलच्या प्रेशरवर चालतात, म्हणून त्याचं ऑइल वेळेवर बदलणं हा नुसता मेंटेनन्स नाही, इंजेक्शन सिस्टिमच त्याच्यावर चालते. कॅमचा सेन्सर गेला की चालती गाडी जागेवर बंद पडते, एक जास्तीचा सेन्सर आणि पाना डॅशच्या कप्प्यात टाकून ठेवा.

ड्युरामॅक्समध्ये २००१ चं पहिलं एलबी७ (एलबी७, एलबीझेड ही कंपनीने आवृत्त्यांना दिलेली नावं) ओढायला छान पण इंजेक्टर व्हॉल्व्ह कव्हरच्या आत, ते गळायला लागले की डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. अशी गाडी बघायला गेलात तर डिपस्टिक काढा, ऑइल खुणेच्या वर असेल आणि बोटाला डिझेलचा वास येत असेल तर तिथूनच परत फिरा. २००६-०७ चं एलबीझेड मला या सगळ्यात जास्त आवडतं, आधीच्या बऱ्याच चुका सुधारलेल्या आणि धुरातली काजळी अडवणारा फिल्टर अजून यायचा होता. नव्यात २०१७ पासूनचं एल५पी, त्यात डेन्सोचा पंप आलाय आणि टाकीत डिझेल ढकलणारा पंप पण दिलाय, जो आधीच्या ड्युरामॅक्सला नव्हता.

प्रश्न: ६.० पॉवरस्ट्रोकची एक गाडी फार कमी पैशात मिळतेय. लोक म्हणतात हात लावू नको. खरंच इतकं वाईट आहे का?

इंजिन मुळात वाईट नाही पण साखळीच अशी आहे की एक गेलं की दुसरं जातं. २००३ ते २००७ ची ही इंजिनं. ऑइल कूलरच्या बारीक वाटा कूलंटमधल्या गाळाने बुजतात, मग त्याच्या पुढच्या ईजीआर कूलरला (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा) पुरेसं कूलंट पोचत नाही, तो तापून फुटतो, कूलंट सिलिंडरमध्ये, त्याची वाफ, प्रेशर वाढतं, हेडचे बोल्ट ताणतात आणि हेड गॅस्केट उडते. लोक फक्त गॅस्केट बदलतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच, कारण मूळ रोग कूलरमध्ये होता.

घेण्याआधी स्कॅनर लावून गाडी हायवेला वीसेक मिनिटं चालवा, पूर्ण गरम झाल्यावर ऑइलचं आणि कूलंटचं तापमान बघा, फरक १५ डिग्री फॅरनहाइट म्हणजे साधारण ८ डिग्री सेल्सिअसच्या वर गेला की कूलर बुजत आलाय असं धरा. इंजेक्टर चालवणाऱ्या मॉड्यूलचं व्होल्टेज बघा, ४८ च्या आसपास हवं, सेल्फ मारताना ४५ च्या खाली जात असेल तर मॉड्यूल गेलं. मालकाने कूलर बदलून हेडला स्टड टाकले असतील आणि बिलं दाखवत असेल तर घ्या बिनधास्त. नसतील तर तो सगळा खर्च किमतीत मिळवून मग ठरवा स्वस्त आहे का ते.

प्रश्न: फोर्डचा टॉर्क १२००, कमिन्सचा १०००, ड्युरामॅक्सचा ९७५. मग फोर्डच सगळ्यात भारी ना? आणि हॉर्सपॉवर बघू की टॉर्क?

आकडे त्या त्या वर्षांचे बरोबर आहेत. २०२३ पासूनचं ६.७ पॉवरस्ट्रोक हाय आउटपुट (म्हणजे जास्त ताकदीची आवृत्ती) ५०० हॉर्सपॉवर आणि १२०० पाउंड-फूट, २०१९ चं कमिन्स हाय आउटपुट ४०० आणि १००० (२०२१ पासून ४२० आणि १०७५), २०२४ चं ड्युरामॅक्स ४७० आणि ९७५. पण चढावर लोड घेऊन किती वेगाने जाल हे हॉर्सपॉवर ठरवतं, टॉर्क नाही, कारण टॉर्क गिअर लावून वाढवता येतो, हॉर्सपॉवर गिअरने वाढत नाही. टॉर्कचा फायदा असा की कमी आरपीएमलाच भरपूर ताकद मिळते आणि गाडी सारखे गिअर पाडत नाही. हिशोब सोपा आहे, पाउंड-फूट गुणिले आरपीएम भागिले ५२५२. २०१९ चं कमिन्स १८०० आरपीएमला १००० देतं म्हणजे तिथे ३४३ हॉर्सपॉवर, फोर्ड १६०० ला १२०० म्हणजे ३६६, ड्युरामॅक्स १६०० ला ९७५ म्हणजे २९७. म्हणजे हायवेच्या आरामाच्या आरपीएमला फोर्ड आणि कमिन्स फार लांब नाहीत, फरक पडतो तो मोठ्या घाटात शेवटपर्यंत दाबलं की.

आणि खरं सांगू का, आठवड्याला दोनदा मध्यम ट्रेलर ओढणाऱ्याला या तिघांतलं कुठलंही इंजिन पुरून उरतं. त्यापेक्षा उतारावर थांबणं बघा, एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानेच गाडी आवरणारा) चांगला असेल तर ब्रेक तापत नाहीत, आणि लोड घेऊन घाट उतरताना जीव त्याच्यावर असतो.

प्रश्न: सीपी४ पंपाची एवढी भीती का घालतात? माझ्या गाडीत आहे, काय करू?

सीपी४ म्हणजे इंजेक्टरकडे डिझेल जबर प्रेशरने ढकलणारा पंप, आणि भीती घालतात कारण तो एकटा मरत नाही. बॉशच्या सीपी४.२ मध्ये दोन प्लंजर असतात, प्रत्येकाखाली एक रोलर कॅमवर फिरतो. तो रोलर कधी आडवा फिरला तर लोखंडावर लोखंड घासतं, त्याचा चुरा डिझेलबरोबर रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल वाटणारी जाड नळी), इंजेक्टरमध्ये, परतीच्या नळीने टाकीत, म्हणजे पंप बदलून भागत नाही, टाकीपासून इंजेक्टरपर्यंत सगळं बदलावं लागतं. या पंपाचं वंगण म्हणजे खुद्द डिझेल, आणि अमेरिकेतल्या डिझेलचं वंगण युरोपपेक्षा ढिलं चालतं, घर्षणाच्या चाचणीत अमेरिकेत ५२० मायक्रॉनपर्यंतचा ओरखडा मान्य आहे, युरोपात ४६०. २०११ ते २०१६ च्या एलएमएल ड्युरामॅक्समध्ये, २०११ पासूनच्या ६.७ पॉवरस्ट्रोकमध्ये आणि २०१९-२० च्या कमिन्समध्ये हा पंप आहे, कमिन्सवाल्या गाड्यांवर रिकॉल निघून पुन्हा जुना सीपी३ बसवला गेला.

एकदा माझ्याकडे एक गाडी आली, तक्रार एवढीच की सकाळी सेल्फ जरा जास्त मारावा लागतो. मी डिझेल फिल्टर काढला, कापला, कागद उलगडून उन्हात धरला तर घड्यांमध्ये चांदीच्या वर्खासारखी चमक. बोटावर घेतली तर बारीक कचकच. मालक म्हणाला गाडी तर मस्त पळतेय. मी गाडी तिथेच उभी करायला लावली, पंपाचा चुरा इंजेक्टरपर्यंत पूर्ण पोचला नव्हता म्हणून त्याचं अर्ध्यावर निभावलं. तेव्हापासून मी प्रत्येक फिल्टर कापून बघतो, पाच मिनिटांचं काम आहे आणि पंप मरायच्या आधी तोच बोलतो.

तुम्ही काय करायचं, तर डिझेल फिल्टर वेळेच्या आधी बदला आणि दरवेळी कापून बघा, वंगण वाढवणारं ॲडिटिव्ह घाला, टाकीतलं पाणी काढत जा, टाकी तळाला जाऊ देऊ नका कारण हवा आली की वंगण गेलं. पंप फुटला तरी चुरा इंजेक्टरकडे न जाता टाकीकडे वळवणारं किट मिळतं, ते बसवा. आणि चुकून पेट्रोल भरलं गेलं तर चावी फिरवूच नका, गाडी ओढून न्या.

प्रश्न: डॅशवर ॲव्हरेज चांगलं दाखवतं पण डिझेल भसाभस जातं. मोठे टायर टाकलेत आणि गाडी थोडी उचललीय. इंजिन बिघडलंय का?

इंजिन बहुतेक ठीक आहे, मोजमाप चुकतंय. आधी डॅशचा आकडा विसरा, टाकी फुल्ल करा, पुन्हा फुल्ल करताना किती लिटर गेलं ते लिहा, असं सलग तीन टाक्या. दुसरं, ३२ इंचाच्या जागी ३५ इंची टायर टाकले आणि गाडीला तसं सांगितलं नाही तर मीटर ९ टक्के कमी अंतर दाखवतं, म्हणजे १०० दाखवत असताना तुम्ही १०९ गेलेले असता, आणि हिशोबात ॲव्हरेज आहे त्याहून वाईट दिसतं. हे आधी दुरुस्त करून मग रडा.

तरी खरं नुकसान पण झालंय. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ताशी ६५ मैलांवरून ७५ वर गेलात की विरोध ३३ टक्के जास्त, आणि उचललेल्या गाडीखाली हवा जास्त घुसते ते वेगळंच. वेग १० मैलांनी कमी करून बघा, इंजिनात कुठलाही बदल न करता यापेक्षा जास्त वाचवणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. छोट्या फेऱ्या असतील तर धुराचा फिल्टर जळून साफ होताना डिझेल जास्त जातं, ती फेरी मध्येच तोडली की पुन्हा पहिल्यापासून.

कंपन्यांची तुलना करताना एक लक्षात घ्या, अमेरिकेत या जड पिकअपना, म्हणजे एकूण वजन ८५०० पाउंडांच्या वरच्यांना, सरकारी ॲव्हरेजचा आकडा नसतोच. जो जे सांगेल ते त्याच्या रस्त्याचं आणि त्याच्या लोडचं. हलक्या पिकअपना आकडा असतो, २०२० च्या सिल्वेराडोत ३.० लिटरचं सहा सिलिंडर ड्युरामॅक्स टू-व्हील ड्राइव्हमध्ये हायवेला गॅलनला ३३ मैल, म्हणजे लिटरला १४ किलोमीटर. लोड हलका असेल आणि रोज चालवायची असेल तर हेच घ्या, फक्त त्यातल्या ऑइल पंपाचा बेल्ट इंजिनाच्या मागच्या बाजूला आहे आणि तो दीड लाख मैलांवर बदलायचा असतो, गिअरबॉक्स उतरवून.

प्रश्न: धुराचा फिल्टर आणि धूर साफ करणारी युरियाची सिस्टिम काढून टाकू का? सगळे म्हणतात इंजिन मोकळं होतं.

नका काढू. अमेरिकेत बेकायदेशीर आहे, आणि तो धूर कुणाच्या तरी लेकरांच्या छातीत जातो. वारंवार फिल्टर भरत असेल तर आधी कारण शोधा, इंजेक्टर गळतोय का, टर्बोची नळी फाटलीय का, गाडी तासन्तास उभ्या उभ्या चालू असते का. उभ्या गाडीत एक्झॉस्ट तापत नाही आणि काजळी साचत राहते. सकाळी मिनिटभर चालू ठेवा आणि हळू निघा, गाडी चालताना गरम होते ती उभ्यापेक्षा लवकर. लोड ओढून आल्यावर मात्र मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवून मग बंद करा, टर्बोत ऑइल जळत नाही.

प्रश्न: एवढी मोठी गाडी नको. टोयोटा हायलक्सचं २.८, इसुझूचं ३.० की फोर्ड रेंजरचं २.० बायटर्बो (दोन टर्बोंचं)?

टॉर्क जवळजवळ सारखाच, हायलक्सच्या २०२० नंतरच्या २.८ ला ५०० न्यूटन-मीटर, रेंजरच्या २.० बायटर्बोला पण ५००, इसुझूच्या नव्या ३.० ला ४५०. पण २ लिटरमधून ५०० काढणं आणि ३ लिटरमधून ४५० काढणं यात लिटरमागे ताण किती वेगळा आहे ते बघा. रोज लोड आणि लांबचा पल्ला असेल तर मी इसुझू घेईन, चेन आणि गिअर आहेत, हळू आहे, जरा खडखडतं, पण कमी ताणावर चालतं. हायलक्सचं २.८ पण चेनवालं आणि चांगलं, फक्त छोट्या फेऱ्यांवर घेऊ नका, धुराचा फिल्टर भरतो. २.० रेंजर चालवायला तिघांत सगळ्यात मस्त, पण बऱ्याच गाड्यांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये बुडालेला आहे, बरोबर ग्रेडचं ऑइल आणि वेळेवर बदल यात कसूर नको.

जुनं घ्यायचं असेल तर हायलक्सच्या आधीच्या ३.० मध्ये इंजेक्टरखालच्या तांब्याच्या वॉशर गळतात, काजळी ऑइलमध्ये उतरून ऑइल ओढणारी खालची जाळी बुजते, ऑइल पॅन काढून जाळी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि जुन्या रेंजरचं पाच सिलिंडरचं ३.२ घेतलंत तर ऑइल बदलताना पूर्ण निथळू दे म्हणून रात्रभर बोल्ट उघडा ठेवू नका, पंपातलं ऑइल उतरतं, पुन्हा ओढत नाही आणि सेल्फ मारला की इंजिन कोरडं फिरतं. नवा फिल्टर आणि ऑइल आधीच हाताशी काढून ठेवा, मग बोल्ट उघडा, धार बारीक झाली की दहा मिनिटांच्या आत बोल्ट लावून भरायला घ्या.