रोलर कोस्टरला इंजिन नसतं, मग तो धावतो कसा आणि उलटा होऊनही पडत का नाही?
सुरुवातीला साखळी गाडीला चढावर ओढून नेते. तेव्हाची ती कट-कट म्हणजे गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेला खटका. माथ्यावर साखळी सुटली की पुढचं काम गुरुत्वाकर्षणाचं. घर्षणात ऊर्जा जाते, म्हणून नंतरचे चढ पहिल्यापेक्षा बुटके.

पडत नाही, कारण चाकं रुळाला तीन बाजूंनी धरतात: वरून, कडेने आणि खालून. खालच्या चाकांची युक्ती अमेरिकन रोलर कोस्टर रचनाकार जॉन मिलर यांची, पेटंट १९१९चं. मला तीच सगळ्यात सुंदर वाटते! उलटा वळसाही गोल नसतो, थेंबासारखा असतो. नाहीतर तळाशी अंगावर फार भार येईल.

प्रकार बरेच आहेत. लाकडी हादरे देतात, पोलादी गुळगुळीत धावतात, काहींत पाय लोंबकळतात, तर काही साखळीऐवजी चुंबकाच्या जोरावर झटक्यात सुटतात.