रिटायरमेंटचे पैसे आणि अंगणातली शकुंतला

नमस्कार गुरुजी,

तुमचा मेल दोनदा वाचला, दुसऱ्यांदा तर बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला, कारण आमच्याकडे येणारे मेल म्हणजे पोराला फ्लॅट घ्यायचा, एजंटनं पॉलिसी गळ्यात मारली, असे असतात, अंगणात रेल्वे टाकायची आहे म्हणून विचारणारे तुम्ही पहिलेच. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत, दारव्ह्याकडचं गाव, १४ महिन्यांनी ५८ पूर्ण. २००५ च्या आधी लागलेले म्हणून जुनी पेन्शन. ग्रॅच्युइटी, जीपीएफ (सरकारी भविष्य निर्वाह निधी) आणि पेन्शनचा काही भाग विकून येणारे मिळून ४२ लाख. चार एकर वावर मक्त्यानं दिलेलं. पोरीचं लग्न दोन वर्षांत, त्याला ८ लाख धरलेत. पंधरा वर्षांपासून एचओ स्केलच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान अशा मॉडेल रेल्वेगाड्या जमवल्यात, पण आता डोळे आणि बोटं साथ देत नाहीत, डबा डब्याला जोडता येत नाही, म्हणून मोठ्या जी स्केलमध्ये अंगणात ६० बाय २० फुटांचा लेआउट, म्हणजे रूळ-स्टेशनांचा मांडलेला देखावा, आणि विषय अर्थातच शकुंतला, आपली यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी रेल्वे. खर्च ९ लाख, तो आत्ताच जीपीएफमधून काढायचा म्हणजे रिटायर व्हायच्या दिवशी गाडी धावली पाहिजे. शिवाय १० लाख गावच्या पतसंस्थेत साडेदहा टक्क्यानं टाकायचे आणि त्या व्याजातून दरवर्षी नवीन इंजिन. काकू म्हणतात आधी बाथरूम नीट करा, मुलगा म्हणतो बाबा आता तरी स्वतःसाठी करा.

पहिलं हे सांगतो की मुलगा बरोबर आहे. पेन्शन आहे, तिच्यावर महागाई भत्ता वाढत राहतो, आणि विकलेला भाग १५ वर्षांनी, म्हणजे तुमच्या ७३ व्या वर्षी परत सुरू होतो. अशा माणसानं छंदावर पैसे घालवू नये असं सांगणारा सल्लागार मी नाही बाप्पा. पण तुम्ही जसा प्लॅन केला तसा करू नका, अजिबात नको.

जीपीएफचं बघा. तिथं ७.१ टक्के व्याज पडतंय. ९ लाख आज काढले तर १४ महिन्यांत अंदाजे ७४ हजार ५०० व्याज गेलं, एवढ्यात काकूंचं अर्धं बाथरूम झालं असतं. आणि पुढचं जास्त महत्त्वाचं. तेच ९ लाख रिटायर झाल्यावर पोस्टातल्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये ठेवले तर सध्याच्या ८.२ टक्क्यानं वर्षाला ७३,८००, म्हणजे महिन्याला ६,१५० रुपये. तुमच्या अंगणातल्या गाडीचं भाडं हे आहे, ती धावो की शेडात पडून राहो, दर महिन्याला सहा हजाराच्या वर. लोक ९ लाखाचा आकडा बघतात, हा बघत नाहीत.

आता अंगण. गुरुजी, तुम्ही काळ्या मातीत जन्मले, तुम्हाला मी काय सांगावं, पावसाळ्यात ती फुगते आणि एप्रिलात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराच्या भिंती तडकतात तिथं रूळ कसे सरळ राहतील. माती खणून मुरूम भरा, वर काँक्रीटचा पट्टा ओता, तेव्हा कुठं ते टिकेल, आणि हा खर्च तुमच्या अंदाजपत्रकात मला दिसला नाही. जी स्केलचे रूळ पितळेचे असतात, पाण्यापावसात चालतात हे खरं, पण पितळ उन्हानं वाढतं, डिसेंबरची पहाट आणि मे महिन्याची दुपार यात रुळाच्या तापमानात ५० अंशांचा फरक धरा, १० मीटर रुळात जवळपास १ सेंटिमीटर वाढ होते, जोडात जागा सोडली नाही तर रूळ वाकडा होऊन वर उचलतो. प्लास्टिकचे डबे आपल्या मे महिन्यात बाहेर राहिले की वाकलेच समजा. माकडांचं तर मी बोलतच नाही.

जर्मनीच्या वेबसाइटवरची किंमत ही दारात पडणारी किंमत नसते हेही लक्षात घ्या. तुम्ही इंजिन, डबे आणि रूळ मिळून ४ लाख २० हजार धरले ते नुसते तिथले भाव आहेत. खेळण्यांवरची बेसिक कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. पार्सल स्वतःच्या वापराचं म्हणून धरलं तर हिशोब वेगळा लागतो, वर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) आणि कुरिअर आहेच. मागवायच्या आधी कस्टम एजंटकडून आकडा लेखी घ्या, तोंडी नाही. आणि उद्या विकायची वेळ आली तर दारव्ह्यात तो माल घेणार कोण?

आता जरा माझ्या आवडीचं, कारण लहानपणी मी कारंज्याहून मूर्तिजापूरला शकुंतलेनं गेलेला माणूस आहे. जी स्केल म्हणजे १:२२.५ आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ४५ मिलिमीटर. गुणाकार करा, १०१२ मिलिमीटर येतात, म्हणजे मीटर गेज. शकुंतलेचा गेज अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. म्हणजे ९ लाख घालून तुम्ही जी गाडी बनवणार ती अकोला-खंडवा होईल जी, शकुंतला नाही!

उलट १:४८ घ्या, ज्याला ओ स्केल म्हणतात. ७६२ भागिले ४८ म्हणजे १५.९ मिलिमीटर, आणि तुमच्याकडे पंधरा वर्षांचे जे एचओचे रूळ पडलेत ते १६.५ चे. अर्ध्या मिलिमीटरचा फरक कोण मोजतो. म्हणजे रूळ तुमच्याकडे आहेत, ट्रान्सफॉर्मर आहे, जुन्या इंजिनांची मोटर-चाकं वापरता येतात, फक्त वरची बॉडी मोठी करायची. एचओ म्हणजे १:८७, त्यापेक्षा डबा लांबीरुंदीला १.८ पट, हातात घेतला तर जवळपास सहा पट आकारमान. डबे सनबोर्ड नाहीतर प्लास्टिक शीटचे घरी होतात, १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं आणि १९९४ पर्यंत धावलेलं ते झेडडी वाफेचं इंजिन तयार मिळणार नाही, त्याची बॉडी नागपुरात थ्रीडी प्रिंट करून घ्या. कपलिंग मोठं लावा, बोटांचा त्रास तिथंच होता ना. चाकं मात्र बारीकच राहतील हे मान्य, त्यासाठी गाडी रुळावर चढवायचा उतार मिळतो, तो एक घेऊन ठेवा.

जागा म्हणाल तर तुम्हीच लिहिलं की वावर मक्त्यानं दिल्यापासून कापसाची खोली रिकामी आहे. १० बाय १२ ची. यापेक्षा चांगली जागा कोणती, जी गाडी कापूस वाहायसाठी टाकली ती कापसाच्या खोलीतच धावली पाहिजे, आणि गठाणींना खरा कापूस लावा. फक्त आधी खोली नीट झाडून चुना मारा, जुन्या कापसाची खाज आठ दिवस जात नाही, आणि छताला सीलिंग करा नाहीतर कवेलूची धूळ रुळावर बसून गाडी अडकत राहील. टेबल चार-चार फुटांच्या तुकड्यांत करा, नटबोल्टनं जोडलेलं. उद्या मुलाकडे राहायला जायची वेळ आली तर हे सोबत नेता येतं, काँक्रीटचा पट्टा नेता येत नाही.

पैसे असे. आत्ता पगार चालू आहे तोवर महिन्याला ५ हजार बाजूला टाका, १४ महिन्यांत ७० हजार, त्यात खोली, वायरिंग, टेबल आणि रुळांचा पहिला गोल. जीपीएफला हात नाही. रिटायर झाल्यावर ४२ पैकी लग्नाचे ८ लाख बँकेत एफडी, बाथरूमला २ (हे काकूंना दाखवा), ४ लाख अडीअडचणीला, आणि २५ लाख पोस्टात. त्या स्कीमला ६० ची अट असली तरी वयोमानानं रिटायर झालेल्याला ५५ नंतर चालते, पैसे हातात पडल्यापासून ३ महिन्यांच्या आत खातं उघडायचं, ते विसरू नका. दर तिमाहीला ५१,२५० येतील, टॅक्स त्यावर लागतो. त्यातले १० हजार गाडीचे. वर्षाला ४० हजार, पाच वर्षांत २ लाख, आणि त्यात शकुंतलेचं अख्खं दारव्हा मोतीबाग स्टेशन उभं राहतं. उरलेले ३ लाख पहिलं वर्षभर साध्या एफडीत राहू द्या, रिटायर झालेल्या माणसाकडे पहिल्या वर्षी कोण कोण नातेवाईक येतात ते तुम्हाला दिसेलच.

पतसंस्था मात्र नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखापर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. माझ्या सासऱ्यांचे ३ लाख अशाच एका पतसंस्थेत अडकले, चेअरमन ओळखीचा, संचालक सोयरे, तरी सहा वर्षं चकरा मारल्या आणि आले ते निम्मे. साडेदहा आणि आठ पॉइंट दोन यातल्या फरकासाठी १० लाख टांगणीला लावायचे काहून?

आणखी एक, आरोग्याची पॉलिसी तुमच्या मेलमध्ये कुठंच नाही. दोघांची आत्ताच घ्या, बीपी-शुगर असेल तर खरं लिहा. आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी ३ वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते, तो काळ जेवढा लवकर सुरू होईल तेवढं बरं. याचा हप्ता आधी, इंजिन नंतर.

पुढच्या मेलमध्ये पेन्शन विक्रीचा कागद, दोघांच्या औषधांची यादी आणि कापसाच्या खोलीचं माप इंचात पाठवा, दाराची रुंदी धरून. टेबलाचा तुकडा दारातून निघाला पाहिजे.